रब्बी आणा, पण मशिदीचा कारभार सोडू नका

पत्र:

ताई, शालोम. आमचं गाव रायगड जिल्ह्यात समुद्राकडेला आहे, मशीद, म्हणजे आपलं सिनेगॉग, दीडशे वर्षांपेक्षा जुनी, पण गावात आता आपली बेने इस्राएल यहुद्यांची घरं बोटावर मोजण्याइतकी उरलीत, बाकी सगळे ठाण्या-मुंबईला नाहीतर इस्रायलला. मी कमिटीचा सेक्रेटरी आहे. आमचे हज्जान अंकल, म्हणजे मशिदीत प्रार्थना चालवणारे, ऐंशीच्या पुढे गेलेत, मला तेराव्या वर्षीच्या बार मित्झ्वाची पराशा (तोरातला वाचायचा भाग) त्यांनीच शिकवली, आता त्यांना धड दिसत नाही आणि फार वेळ उभं राहवत नाही. परदेशातल्या एका संस्थेनं कळवलंय की एक तरुण रब्बी बायको-मुलांसकट दोन वर्षांसाठी पाठवतो, खर्चाचा मोठा वाटा आम्ही उचलू. कमिटीत दोन तट पडलेत. तरुण म्हणतात संधी सोडायची नाही, जुने म्हणतात आपलं आजवर रब्बीवाचून काही अडलं नाही, हा येऊन मलिद्याला, संदेष्टे एलियाहू हनाबींच्या नावानं मांडतो त्या गोड पोह्यांच्या ताटाला, नावं ठेवेल आणि खरा यहुदी कोण नि खोटा कोण याची यादी करत बसेल. माझ्या धाकट्या भावाची बायको हिंदू आहे, मुलं मशिदीच्या अंगणातच वाढली, मोठा आता अकराचा आहे, त्यामुळे माझ्याही पोटात गोळा येतो. हज्जान अंकल तर काहीच बोलत नाहीत. काय करू?
— एक सेक्रेटरी

उत्तर:

शालोम दादा,

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल. रब्बी येत असतील तर जरूर येऊ देत, पण ते कशासाठी येतायत हे तुमच्या कमिटीनं ठरवायचं, ते येण्याआधी ठरवायचं आणि कागदावर लिहून ठेवायचं. मी स्वतः बेने इस्राएल घरातली आहे, असे दोन तट मी अगदी जवळून बघितलेत, आणि दोन्हीकडची माणसं मशिदीवरच्या प्रेमापोटीच भांडत असतात हे मला माहीत आहे, म्हणून तुमच्या कमिटीतल्या कुणालाच मी चूक म्हणणार नाही.

आता जुन्या लोकांचं म्हणणं घेऊ, कारण त्यात बरंच तथ्य आहे. आपल्या लोकांकडे खरंच शतकानुशतकं रब्बी नव्हता. नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, ही गोष्ट तुम्हाला सांगायला नको. पुस्तकं बुडाली, पोथ्या बुडाल्या, लोक तेलाचे घाणे चालवायला लागले आणि शनिवारी घाणा बंद म्हणून शनवार तेली झाले. प्रार्थनेतलं एक शेमा तेवढं तोंडात राहिलं. तरीसुद्धा नव्याचा सण (नवं वर्ष) राहिला, दरफाळणीच्या सणाला (प्रायश्चित्ताच्या दिवशी) दारं लावून दिवसभर उपास राहिला, बिरड्याचा रोजा (मंदिर पडल्याच्या दुःखाचा उपास) राहिला, आठव्या दिवशीची सुंता राहिली, मटणात दूध नाही म्हणून नारळाचं दूध आलं ते आजही आहे. हे सगळं कुठल्या रब्बीनं टिकवलं नाही, घरातल्या बायांनी आणि गावातल्या मुकादमानं टिकवलं. तेव्हा "अडलं नाही" म्हणणाऱ्यांचा अभिमान खरा आहे, मीटिंगमध्ये त्याला कुणी मागासलेपणा म्हणत असेल तर त्याला तिथल्या तिथे थांबवा.

पण अर्धीच गोष्ट सांगून चालणार नाही. आपल्याकडे बाहेरून शिकवणारा आला होता, आणि एकदाच नाही. दावीद रहाबींची कथा आठवा, ते नेमके कधी आले यावर इतिहासकारांत वाद आहेत तो भाग सोडा, पण कथा काय सांगते बघा. हे लोक यहुदी आहेत का असा त्यांना संशय आला तेव्हा त्यांनी वंशावळी मागितल्या नाहीत की परीक्षेचा पेपर काढला नाही, त्यांनी बायकांपुढे सगळ्या जातीचे मासे मिसळून ठेवले आणि शिजवायला सांगितले, बायकांनी पर आणि खवले असलेले तेवढे बाजूला काढले आणि बाकीचे आम्ही खात नाही म्हणाल्या. झालं, त्यांची खात्री पटली. म्हणजे आधी त्यांनी या लोकांना काय येतं ते पाहिलं, काय येत नाही ते नंतर. आणि मग काय केलं, तर झिराडकर, राजपूरकर, शापूरकर या तीन घरातली माणसं निवडून त्यांना शिकवून तयार केलं. तेच आपले काजी. गावोगाव बैलगाडीतून जाऊन लग्नं लावायची, सुंता करायची, तंटे सोडवायचे, हे काम त्या घराण्यांनी पिढ्यान् पिढ्या केलं. मला विचाराल तर येणाऱ्या रब्बीला मोजायचं माप हेच आहे, की दोन वर्षांनी तो गेल्यावर तुमच्याकडे शिकलेली तीन माणसं मागे राहतात का.

नंतर कोचीनहून माणसं आली. शेलोमो सालेम शुराबींसारख्यांनी मुंबईत आणि कोकणात फिरून आपल्या लोकांना तेफिला म्हणजे प्रार्थना म्हणायला शिकवली, आपण आज ज्या सेफार्दी (मुळात स्पेनकडच्या यहुद्यांच्या) पद्धतीनं म्हणतो ती चाल बरीचशी त्या बाजूनंच आली. १७९६ मध्ये मुंबईत आपली पहिली मशीद बांधली ती सामाजी हसाजी दिवेकरांनी, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले अधिकारी होते, टिपूच्या कैदेतून सुटून आल्यावर त्यांनी हे काम केलं. म्हणजे बांधणारा आपला फौजी माणूस आणि शिकवणारे बाहेरचे, असा आपला इतिहास आहे. १८४६ ला मुंबईत हागादा, पेसाहच्या (वल्हांडण सणाच्या) रात्री वाचायची पोथी, मराठी भाषांतरासकट छापली गेली, ती शिकण्यातूनच आली ना. तेव्हा तरुण म्हणतायत ते काही नवीन खूळ नाहीये, हे जुन्या मंडळींना नीट समजावून सांगा, त्यांना ही नावं माहीत असतात, फक्त भांडताना आठवत नाहीत.

आता रब्बी करतो काय, यावर तुमच्या कमिटीत गोंधळ आहे असं पत्रावरून वाटतं. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या पवित्र दिवशी, तेबावर (मशिदीतल्या व्यासपीठावर) उभं राहून तेफिला चालवणं हे मुळात हज्जानचं काम, आणि ज्याला येतं तो कुणीही तेरा वर्षांवरचा माणूस ते करू शकतो, त्यासाठी रब्बी लागतच नाही. रब्बी म्हणजे पुजारी नव्हे, त्याच्या हातून झालं तरच देवाला पोचतं असं काही नसतं. मिन्यानला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेच्या गणसंख्येला, दहा पुरुष लागतात आणि त्यात रब्बीसुद्धा एकच मोजतात. हे मी मुद्दाम सांगते, कारण बऱ्याच ठिकाणी लोकांना वाटतं की रब्बी आले की मशीद आपोआप भरेल, आणि मग पहिल्या पावसाळ्यात शब्बाथच्या सकाळी रब्बी, त्यांचा मुलगा, सेक्रेटरी आणि शमाश (मशिदीचा सेवेकरी) एवढेच बसलेले असतात, कद्दिशची प्रार्थना म्हणता येत नाही, सेफेर तोरा (तोराची गुंडाळी) बाहेर काढता येत नाही. तुमचे नऊ कुठून येणार हे आधी ठरवा. महिन्यातून एक शब्बाथ पक्का करा, त्या दिवशी ठाण्या-मुंबईहून कोण येणार, रात्री कुठे राहणार (शब्बाथला परत गाडीनं जाता येणार नाही, तेव्हा रात्रीची सोय लागणारच), जेवण कोण करणार, ही यादी रब्बींच्या तिकिटाआधी तयार पाहिजे.

रब्बीचं खरं काम तीन-चार ठिकाणी आहे. एक म्हणजे हलाखाचा, यहुदी धर्मकायद्याचा, प्रश्न पडला की निर्णय देणं, हे चालेल हे नाही चालेल, आणि का ते सांगणं. दुसरं शिकवणं, आणि हे सगळ्यात मोठं. तिसरं माणसांजवळ जाणं, कुणी आजारी असेल, कुणाच्या घरी गमी झाली असेल, नवराबायकोचं बिनसलं असेल. आणि चौथं लग्न, घटस्फोट आणि धर्मात घेणं या गोष्टींचं, ज्याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण तिथे आपले लोक पूर्वी पोळलेत.

तुम्ही १९६२ ऐकलं असेल, तुमच्या घरातल्या मोठ्यांनी तर नक्की. इस्रायलमध्ये चीफ रब्बी निस्सीम यांच्या काळात हुकूम निघाला की बेने इस्राएल मुलामुलीचं लग्न बाहेरच्या यहुद्याशी लावायचं असेल तर आधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करा, जितकं मागे जाता येईल तितकं मागे जा. कारण काय दिलं, तर या लोकांत रब्बी नव्हते, मग यांचे घटस्फोट हलाखाप्रमाणे झाले असतील कशावरून, यांच्यात बाहेरचं रक्त आलं नसेल कशावरून. ज्यांनी कोकणात एवढी वर्षं शनिवार पाळला त्यांना लग्नाच्या ऑफिसात उभं करून आजीची आजी कोण होती असं विचारलं गेलं. आपल्या लोकांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला, उपोषणं केली, शेवटी १९६४ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेनं बेने इस्राएल हे सर्व बाबतीत पूर्ण यहुदी आहेत असं जाहीर केलं आणि रब्बिनेटला, म्हणजे तिथल्या रब्बींच्या मुख्य मंडळाला, तो हुकूम बदलावा लागला. माझ्या आधीच्या पिढीच्या मनात रब्बी या माणसाबद्दल जी अढी आहे ना, ती तिथून आलीय, आणि तुमचे जुने मेंबर "यादी करत बसेल" म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यापुढे तेच असतं. तरुणांना हे माहीत नसेल तर त्यांना सांगा.

पण त्याच प्रकरणातून दुसरीही गोष्ट कळते, ती म्हणजे कागद नीट पाहिजेत. आज तुमच्या गावातल्या मुलीचा घटस्फोट कोर्टात झाला आणि गेत (धार्मिक घटस्फोटपत्र) घेतलाच नाही, पुढे ती अश्दोदला नाहीतर लोदला गेली आणि तिला पुन्हा लग्न करायचं म्हटलं, तर तिथे तिचं घोडं अडणार. गेत हा लेखनिकानं हातानं लिहायचा असतो, साक्षीदार लागतात, तीन जणांचं बेथ दीन (धार्मिक न्यायमंडळ) लागतं, कमिटीच्या लेटरहेडवर सेक्रेटरीनं सही करून भागत नाही, आणि प्रेमापोटीसुद्धा असं कुणी करू नये. तुमच्याकडे येणारे रब्बी एकटे हे करू शकणार नाहीत, पण कुठल्या बेथ दीनकडे जायचं, काय कागद लागतील, हे त्यांना माहीत असेल, आणि केतुब्यात (लग्नाच्या करारपत्रात) नावं बरोबर लिहिलीत का, दोन साक्षीदार चालतील असे आहेत का, हे तरी ते बघतील. तुमच्या मशिदीची जुनी लग्नाची रजिस्टरं असतील ना, कपाटात? ती आधी स्कॅन करून घ्या, रब्बी येवोत न येवोत.

आता तुमच्या भावाचं.

दादा, इथे मी तुम्हाला गोड बोलून फसवणार नाही. ऑर्थोडॉक्स रब्बी असतील तर ते सांगणार की आई यहुदी नसेल तर मुलं हलाखाप्रमाणे यहुदी धरत नाहीत, आणि हे त्यांनी दुष्टपणानं म्हटलेलं नसेल, त्यांच्याकडे दुसरं उत्तरच नाहीये. त्यांच्याकडून वेगळं वदवून घ्यायचा प्रयत्न करू नका, आणि "तेवढं चालवून घ्या" अशी गळही घालू नका, कारण चालवून घेतलेल्याचा त्रास पुढे त्या मुलालाच होईल, तेव्हा तुम्ही-आम्ही निस्तरायला नसू. तुमचा पुतण्या अकराचा आहे म्हणजे दोन वर्षांत तेराचा होणार, रब्बी गावात असतानाच. सगळ्यांसमोर शब्बाथच्या दिवशी त्याला तोरापुढे बोलवायचं की नाही यावर कुजबुज सुरू झाली तर त्या पोराच्या मनावर जो चरा उठेल तो निघणार नाही. म्हणून ही गोष्ट रब्बी यायच्या आधी, पत्रानं, नाव न घेता, त्यांना सरळ विचारून ठेवा की आमच्याकडे अशी घरं आहेत, तुम्ही त्यांच्याशी कसे वागाल. उत्तरातला निर्णय काय आहे त्यापेक्षा उत्तराची भाषा कशी आहे ते बघा. जो माणूस लिहितो की मी त्या आईला आधी भेटेन, तो चालेल. जो फक्त नियम लिहून पाठवतो, त्याच्याबद्दल पुन्हा विचार करा.

आणि तुमच्या भावजयीला कुणी विचारलंय का हो? तिला काय हवंय? कदाचित तिला धर्मात यायचं असेल आणि संकोचानं ती बोलली नसेल, मग तो लांबचा रस्ता आहे, शिकणं आहे, बेथ दीन आहे, मिकवा (शुद्धीचं स्नान) आहे, वर्षं लागतात, पण रब्बी असताना सुरुवात तरी करता येईल. कदाचित तिला तसं काहीच नको असेल, ती तिच्या घरचं देवाचं करते आणि इथे येऊन मलिद्याला नारळ खोवते, त्यात ती सुखी असेल. दोन्ही तिच्या मर्जीचं आहे. मशिदीच्या अंगणात कोण बसणार, मलिद्याच्या ताटातलं कुणाला देणार, पोरं पेसाहला जेवायला कुठे बसणार, हे हलाखाचे प्रश्न नाहीतच, हा तुमच्या जमातीचा शेजारधर्म आहे आणि तो कमिटीच्या हातात राहू द्या. तेवढं लिहून ठेवायला विसरू नका.

संस्था कुठल्या पंथाची आहे हेही विचारून घ्या, तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. सगळे रब्बी एकसारखे नसतात. मुंबईत ज्युइश रिलिजस युनियन १९२५ पासून आहे, डॉ. जेरुशा झिराड यांनी पुढाकार घेऊन सुरू केलेली, तिथली प्रोग्रेसिव्ह पद्धत वेगळी, तुमच्या गावची मशीद मात्र पहिल्यापासून जुन्या पद्धतीची असणार. दिल्लीला ज्युडाह हायम सिनेगॉगमध्ये आपले एझिकिएल मळेकर वकिली पेशातले, त्यांनी वर्षानुवर्षं मानसेवी म्हणून तिथली तेफिला चालवली, रब्बी न होता. म्हणजे हाही एक मार्ग आहे, की रब्बी मिळालेच नाहीत तर काय. हे सगळं टेबलावर मांडा, म्हणजे लोकांना "हेच, नाहीतर काहीच नाही" असं वाटणार नाही.

मलिद्याबद्दल जुन्या लोकांना भीती आहे ती मला पूर्ण समजते. अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर एलियाहू हनाबींच्या रथाच्या खुणा दाखवल्या की बाहेरचा माणूस भुवया उंचावतो, हे मी पाहिलंय, आणि तेव्हा वाईट वाटतं. पण शिकलेला रब्बी आणि अर्धवट शिकलेला रब्बी यात फरक असतो. शिकलेला माणूस मलिद्याचं ताट बघेल तेव्हा त्याला दिसेल की गोड पोह्यांशेजारी फळं मांडलीत, झाडाच्या फळाची बेराखा (आशीर्वचन) वेगळी म्हटली जाते, जमिनीतल्याची वेगळी, सुवासाची वेगळी, म्हणजे हे सगळं त्याच्याच पुस्तकातलं आहे, फक्त कोकणात येऊन त्यात ओलं खोबरं पडलंय. तसंच किद्दुशचं, म्हणजे शब्बाथला वाईनच्या पेल्यावर म्हणायच्या आशीर्वचनाचं. आपल्याकडे वाईन मिळत नव्हती म्हणून काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून सरबत करतात. नवीन माणूस विचारेल हे काय. पण मनुकांच्या रसावर किद्दुश म्हणता येतो हे शुल्हान आरूख या धर्मकायद्याच्या ग्रंथातच आहे, ज्याला आपलं काम येतं त्याला ते ठाऊक असतं. यहुदी कायद्यात गावच्या रिवाजाला मान आहे, मिश्ना या जुन्या ग्रंथात सांगितलंय की जिथे जशी रीत तिथे तसं वागावं. तेव्हा तुमच्या अटींमध्ये पहिलीच अट ही घाला की पहिलं वर्षभर, सगळे सण एकदा होऊन जाईपर्यंत, आमच्या कुठल्याही रिवाजात बदल सांगायचा नाही, फक्त बघायचं, विचारायचं, लिहून घ्यायचं. सरळसरळ हलाखाविरुद्ध काही दिसलं तर ते चारचौघात न बोलता कमिटीला सांगायचं. चांगला माणूस या अटीला आनंदानं हो म्हणेल.

कामंही ठरवून द्या, नाहीतर दोन वर्षं भाषणं आणि फोटो यातच जातील. माझ्या मनात पहिलं काम येतं ते सेफेर तोरांचं. आपल्या कोकणच्या दमट हवेत चामड्याची काय दशा होते तुम्हाला माहीत आहे, शाई पोपडे धरते, आणि एक अक्षर जरी उडालं तरी ती गुंडाळी दुरुस्त होईपर्यंत वाचनाला चालत नाही. लाकडी पेटी चांदीनं मढवलेली असते म्हणून आतलं ठीक असेल असं आपण धरून चालतो. रब्बींना एकेक गुंडाळी उलगडून बघू देत, कुठे तडे गेलेत त्याची यादी होऊ दे, मग दुरुस्तीला सोफेर (तोरा लिहिणारा लेखनिक) बोलवायचा की कुठे पाठवायची ते ठरेल. हे काम करताना मुलांना शेजारी बसवा, अक्षर ओळखायला पोरं त्यातच शिकतात.

दुसरं काम हज्जान अंकलच्या आवाजाचं. ते गप्प आहेत ना, मला त्यांचीच सगळ्यात जास्त काळजी वाटली तुमच्या पत्रात. ज्या माणसानं आयुष्यभर शुक्रवारी मशिदीचे दिवे लावले, कोंबड्या कापून दिल्या, लग्नात उभा राहिला, मयताला पहाटे उठून गेला, त्याला आता कुणीतरी पदवीवाला पोरगा येणार म्हणून कळतं तेव्हा तो काय बोलणार? त्यांच्याकडे तुम्ही एकटे जा, कमिटीचे म्हणून जाऊ नका, त्यांचा विद्यार्थी म्हणून जा. त्यांना विचारा, आणि उत्तर यायला वेळ लागला तर बसून राहा. आणि त्यांना खरोखर सांगा की तेबा त्यांचीच आहे, ते म्हणू शकतात तोवर तेच म्हणणार, रब्बी त्यांच्या शेजारी बसतील. त्यांच्या चाली रेकॉर्ड करा, दरफाळणीच्या दिवशीच्या, सेलिहोथच्या (क्षमा मागायच्या प्रार्थनांच्या), लग्नात नवरी येताना नवरा 'योनाती झिव' हे गाणं म्हणतो त्याची तुमच्या गावची चाल, सगळं. फोनवर केलं तरी चालेल, फक्त शब्बाथ आणि सण सोडून. रब्बी येशिव्यातून (धार्मिक विद्यालयातून) शिकून येतील त्या चाली वेगळ्या असणार आणि सुंदरही असतील, पण तुमच्या आजोबांची चाल एकदा गेली की ती परत कुठल्याच येशिव्यात मिळणार नाही. आणि मुलामुलींना शिकवणी लावा, अंकल चाल शिकवतील आणि रब्बी अर्थ शिकवतील, दोघं एकाच बाकावर. मुलींनाही बसवा हो, घरातला शब्बाथ त्याच सांभाळतात आणि त्यांनाच आपण काही शिकवत नाही.

रब्बींच्या बायकोबद्दलही लिहिते, कारण कमिट्या हे नेहमी विसरतात. २००३ पासून मुंबईत रब्बी गॅव्रिएल आणि रिव्का होल्झबर्ग हे जोडपं राहत होतं, पुढे नरिमन हाऊसमध्ये, २००८ च्या हल्ल्यात दोघांनाही मारलं. त्या घराचं दार येणाऱ्या-जाणाऱ्याला उघडं असायचं, आणि ते घर दोघं मिळून चालवत होते, एकट्या रब्बींचं ते काम नव्हतं. तुमच्याकडे येणारी बाईसुद्धा परक्या देशात, लहान मुलं घेऊन, कोशेर मटण-चीजची सोय नसलेल्या गावात येणार आहे. तिच्याकडून वर्ग घ्यायची, सणाला पन्नास माणसांचं जेवण करायची अपेक्षा असेल तर तसं आधी सांगा आणि तिला मदतीला माणूस द्या. घर मशिदीपासून चालत जाण्याच्या अंतरावर पाहिजे, शब्बाथला त्यांना रिक्षानं येता येणार नाही. पोलिसांना आधी कळवा, त्या हल्ल्यानंतर मशिदींना बंदोबस्त असतोच, परदेशी कुटुंब राहणार म्हटल्यावर त्यांना माहीत असलेलं बरं. "खर्चाचा मोठा वाटा" म्हणजे नेमका किती, आणि दोन वर्षांनी काय, हेही त्या संस्थेकडून आकड्यात घ्या. मशिदीची जमीन, इमारत, ट्रस्टचं खातं यात रब्बी किंवा संस्था कुठेही सही करणार नाही, हे मात्र अगदी पहिल्या पत्रात येऊ द्या. चांगल्या संस्थेला त्याचा राग येत नाही.

मीटिंग तुम्ही बोलवालच, त्यात एक गोष्ट सांगा, तालमूद या धर्मग्रंथातली आहे, बेराखोथ नावाच्या भागात. रब्बी इसहाक म्हणतात की लोकांना विचारल्याशिवाय त्यांच्यावर कारभारी नेमू नये. का, तर देवानं निवासमंडप बांधायला बसालेलला निवडलं तेव्हा त्यानं मोशेला विचारलं, हा तुला चालेल का. मोशे म्हणाला, तुला चालतो तर मला न चालायला काय झालं. देव म्हणाला, तरीपण जा आणि लोकांना विचार. तुमच्या दोन्ही तटांना ही एकाच वेळी ऐकू दे. आणि नुसत्या कमिटीच्या पाच-सात जणांत हा निर्णय घेऊ नका, गावातल्या प्रत्येक घरातून बाई आणि पुरुष दोघांनाही बोलवा, ठाण्या-मुंबईच्यांना बोलवा. इस्रायलला गेलेल्यांना फोनवर सामील करा, त्यांचं ऐकून घ्या, पण हात वर करायचा तो इथे राहणाऱ्यांनी, कारण सोमवारी सकाळी रब्बींच्या घरी गॅस संपला की धावायचं इथल्यांनाच आहे. नोटीस मराठीत काढा.

एकदम दोन वर्षांना हो म्हणायची गरज नाही. नव्याच्या सणापासून सिम्हा तोरापर्यंत मशीद भरलेली असते, बाहेरगावचे येतात, तेव्हा त्यांना पाहुणे म्हणून बोलवा. ते हज्जान अंकलशी कसे बोलतात, पोरांत कसे मिसळतात, गव्हाच्या चिकाचा हलवा पुढे आला की हा कशाचा केलाय म्हणून विचारतात की नुसतेच मागे सरकतात, हे सगळ्यांना दिसेल, मग ठरवा.

आणि संस्थेला उत्तर पाठवाल त्यात विचारा की रब्बी मराठी शिकतील का. कमिटीतल्या तुम्हा लोकांचं इंग्रजीवर भागेल, पण गावात मागे राहिलेल्या बहुतेक म्हाताऱ्या बाया आहेत, मुलं सगळी लांब, आणि दुखणं आलं की त्यांच्या खाटेशी बसून दोन शब्द बोलणारा माणूस त्यांना लागणार आहे. पहिले सहा महिने रोज तासभर मराठीची शिकवणी, आणि तिचा खर्च मशिदीनं द्यायचा, संस्थेकडून घ्यायचा नाही.

काय ठरतंय ते कळवा. हज्जान अंकलना माझा शालोम सांगा.